अमेरिकी नाण्यांतील टांकसाळीच्या चुका: खरी चूक ओळखायची कशी?

गलबत

नमस्कार. माझे मामा १९६० नंतरची दोन दशके व्यापारी जहाजांवर नोकरीला होते आणि बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन अशा बंदरांतून परतताना खिशात उरलेली मोड बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत असत. तो डबा आता माझ्याकडे आला आहे. त्यात बहुतांशी एक सेंटची नाणी आहेत, थोडी निकेल (पाच सेंट) आणि डाइम (दहा सेंट) आहेत, आणि त्यांपैकी काही नाणी चारचौघांसारखी दिसत नाहीत. एका सेंटची कड चावल्यासारखी कमी आहे, एका सेंटवरील सालाचा शेवटचा आकडा दुहेरी भासतो, एका क्वार्टरच्या (पंचवीस सेंटच्या नाण्याच्या) दोन्ही बाजूंना वॉशिंग्टनचाच चेहरा आहे, आणि १९४३ सालचा एक सेंट तांब्याच्या रंगाचा आहे.

यूट्यूबवरील चित्रफितींत अशा प्रत्येक नाण्याची किंमत लाखांत सांगितली जाते आणि त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. मात्र टांकसाळीत खरोखर चुकलेली अमेरिकी नाणी जमवणारे गंभीर संग्राहक आहेत, हेही मला ठाऊक आहे. चूक टांकसाळीत झाली की नाणे चलनात आल्यावर कोणाच्या हातून, हे घरबसल्या कसे ठरवावे? आणि भारतात राहून असा संग्रह करण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ढब्बू_पैसा

आमच्या शाळेत चुकांचे गुण कापले जात असत. अमेरिकेत चुकांना बक्षीस मिळते, हे वाचून शिक्षण चुकीच्या देशात झाल्याची खात्री पटली.

शिवराई

गलबत, प्रश्न नेमका आहे. प्रथम एक गोष्ट करावी, ती म्हणजे काहीही घासू नये. आपल्याकडे तांबे दिसले की हात चिंचेकडे जातो. पण घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो आणि त्याबरोबर संग्राहकाच्या दृष्टीने असलेली बहुतेक किंमतही जाते.

आता मूळ मुद्दा. नाणे तयार होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: कोरी चकती, तिच्यावर ठसा उमटवणाऱ्या दोन डाय, आणि दोन्ही डाय चकतीवर आदळण्याची क्रिया. प्रत्येक खरी चूक या तिन्हींपैकी कोठेतरी झालेली असते. आपल्यासमोरील नाणे असे का दिसते, याचे उत्तर या क्रमात सापडत नसेल, तर ती चूक नव्हे, इजा आहे, असे समजून चालावे. अमेरिकी संग्राहक अशा नाण्यांना टांकसाळीनंतरचे नुकसान म्हणतात, आणि चित्रफितींतील दहापैकी नऊ नाणी त्याच वर्गातील असतात, असे माझे निरीक्षण आहे.

१९४३ च्या सेंटला लोहचुंबक लावून पाहावे. कारण नंतर सांगतो.

प्रेसशॉप

मी चिंचवडच्या एका कारखान्यात अनेक वर्षे प्रेस शॉपमध्ये डाय आणि पंच तयार करण्याचे काम केले आहे, त्यामुळे नाण्यांपेक्षा नाणी पाडणारी अवजारे मला अधिक कळतात. शिवराई यांच्या तीन टप्प्यांपैकी डायचा टप्पा थोडा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत नावाजलेल्या चुका तेथेच झालेल्या आहेत.

टांकसाळीत रोज वापरली जाणारी डाय हाताने कोरलेली नसते. ज्यावर चित्र उंचवट्याने असते असा एक कठीण पोलादी ठोकळा, ज्याला हब म्हणतात, तो मऊ पोलादावर प्रचंड दाबाने दाबला जातो आणि त्यातून चित्र खोलगट उतरलेली डाय तयार होते. जुन्या पद्धतीत एका दाबात पूर्ण खोली मिळत नसे. पहिल्या दाबानंतर पोलाद कठीण होत असल्याने ते तापवून पुन्हा मऊ करावे लागे आणि मग दुसरा दाब दिला जाई. या दुसऱ्या वेळी हब आणि डाय यांची जुळणी केसभर फिरली, तर डायमध्ये प्रत्येक अक्षर दोनदा उतरते. नंतर त्या डायखालून जितकी नाणी निघतील, त्या सर्वांवर तेच दुहेरीपण, त्याच जागी, तितकेच दिसते. यालाच डबल्ड डाय म्हणतात.

प्रेसमधील ढिलेपणामुळे होणारे दुहेरीपण निराळे असते. ठसा उमटल्यानंतर डाय दूर होताना किंचित सरकते आणि नुकतेच उमटलेले अक्षर बाजूने दाबून चपटे करते. तेथे पायरीसारखा चपटा कट्टा दिसतो आणि मूळ अक्षराची रुंदी कमी झालेली असते. डबल्ड डायमध्ये दोन्ही अक्षरे गोलसर, उठावदार असतात आणि अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते. दहापट भिंगातून हा फरक सरावाने ओळखता येतो. पहिल्या प्रकाराला किंमत मिळते, दुसऱ्याला जवळजवळ नाही.

हिशेबनीस

आम्हा अडाण्यांना एक सांगा. दुहेरी अक्षरांसाठी लोक नेमके किती पैसे मोजतात?

शिवराई

प्रेसशॉप, आपला प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

हिशेबनीस, या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नाणे १९५५ चा फिलाडेल्फियाचा लिंकन सेंट आहे. त्यावर साल, लिबर्टी हा शब्द आणि वरचे ब्रीदवाक्य इतके स्पष्ट दुहेरी आहे की भिंगाचीही गरज लागत नाही. रात्रपाळीत ही नाणी पडली आणि चूक लक्षात येईपर्यंत त्यांतील सुमारे वीस ते चोवीस हजार नाणी इतर लाखो नाण्यांत मिसळून गेली होती. तेवढ्यासाठी सगळा ढीग वितळवणे टांकसाळीला परवडणारे नव्हते, म्हणून ती तशीच बाहेर गेली. त्या काळी यंत्रातून मिळणारे सिगारेटचे पाकीट तेवीस सेंटना पडत असे आणि ग्राहक पंचवीस सेंटचे नाणे टाकत असे, म्हणून परत द्यायचे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनातच घातलेले असत. यांपैकी पुष्कळ नाणी अशा पाकिटांतून लोकांच्या हाती आली. आज चलनात फिरलेले, पण नीट राहिलेले असे एक नाणे हजार डॉलरच्या वर जाते.

गलबत, आपल्या ज्या सेंटचा फक्त शेवटचा आकडा दुहेरी भासतो तो १९५५ चाच आहे का? असेल तर जपून. त्याच वर्षी झिजलेल्या डायमुळे शेवटचा पाच दुहेरी दिसणारी भरपूर नाणी निघाली आणि संग्राहक त्यांना 'गरिबाची डबल्ड डाय' असे थट्टेने म्हणतात. त्यांची किंमत नाममात्र असते.

ढब्बू_पैसा

अखेर माझ्या ऐपतीचा विभाग सापडला.

गलबत

होय, १९५५ चाच आहे आणि केवळ शेवटचा पाच दुहेरी आहे, लिबर्टी हा शब्द अगदी स्वच्छ आहे. म्हणजे तो गरिबाचाच. लोहचुंबक शेजाऱ्यांकडून आणतो.

तळटीप

मला या छंदाबद्दल एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. नाणेशास्त्र हे इतिहासाचे साधन आहे. नाण्यावरून राजवट, व्यापार, धातूची उपलब्धता, लिपी, धर्म यांचा माग काढता येतो. यंत्राचा खिळा ढिला झाल्यामुळे वाकडे पडलेले नाणे यांपैकी काय सांगते? ते जमवणे म्हणजे ग्रंथाऐवजी ग्रंथातील मुद्रणदोष जमवणे होय. त्याला छंद म्हणावे, अभ्यास म्हणू नये.

शिवराई

तळटीप, आपला आदर राखून असहमत आहे, आणि उदाहरण म्हणून गलबत यांचाच १९४३ चा सेंट घेतो.

दुसऱ्या महायुद्धात तांबे दारूगोळ्यासाठी आणि युद्धसामग्रीसाठी हवे होते, म्हणून १९४३ या एका वर्षी अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट पाडले. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को येथे मिळून शंभर कोटींहून अधिक नाणी निघाली. ती लोकांना मुळीच आवडली नाहीत. चकचकीत असताना ती दहा सेंटची डाइम समजून दिली जात, कडेला गंजत, आणि विक्रीयंत्रे त्यांना खोटे नाणे समजून नाकारत. पुढच्या वर्षी पुन्हा तांब्याचा मिश्रधातू आला. पण १९४२ च्या हंगामातील तांब्याच्या काही चकत्या यंत्राच्या कोठीत किंवा वाहून नेण्याच्या पेट्यांत अडकून राहिल्या आणि १९४३ च्या डायखाली सापडल्या. त्याच रीतीने पोलादाच्या काही चकत्या १९४४ च्या डायखाली गेल्या. युद्धकाळातील धातूची टंचाई, घाईने केलेला बदल आणि कारखान्यातील उरलेला माल हे सारे त्या एका नाण्यावर वाचता येते. यापेक्षा अधिक इतिहास एका सेंटकडून काय मागावा?

प्रेसशॉप

कारखान्यात मालाची जात बदलली की आधीची कोठी रिकामी करून झाडून घ्यायची असते. ती न झाडल्याची फळे काय होतात, ते नव्या मुलांना समजावण्यासाठी मला हे उदाहरण त्या काळी मिळाले असते तर बरे झाले असते.

ओहायोची_सून

मी ओहायोत राहते आणि गेली काही वर्षे बँकेतून सेंटच्या गुंडाळ्या आणून तपासते. एका गुंडाळीत पन्नास नाणी असतात, तपासून झाली की ती परत देते, आणि बँकेतील मुलगी माझ्याकडे आता दयेने पाहते. आमच्या राज्याशी निगडित एक चूक सांगते, कारण ती प्रेसशॉप यांना आवडेल.

१९८२ पर्यंत, आणि पुढेही काही वर्षे, टांकसाळीची खूण, म्हणजे नाणे कोणत्या टांकसाळीत पडले ते सांगणारे अक्षर, प्रत्येक डायवर हाताने छिन्नीसारख्या पंचाने ठोकली जात असे. १९८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका डायवर पी हे अक्षर ठोकायचे राहून गेले आणि त्या डायमधून खुणेशिवायच्या डाइम निघाल्या. त्यांतील बऱ्याच सँडस्कीजवळ, सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानाच्या परिसरात लोकांना मोडीत मिळाल्या. पुढे खूण मूळ साच्यातच कोरली जाऊ लागली आणि हातून राहून जाण्याचा हा प्रकार संपला.

खूण राहून जाण्याचे टोकाचे उदाहरण १९७५ चे आहे. संग्राहकांसाठी खास पाडलेल्या प्रूफ संचातील दोनच डाइमवर सॅन फ्रान्सिस्कोचे एस हे अक्षर नाही. त्यांपैकी एक ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. मात्र कोणी धावत जाऊन जुन्या डाइम तपासू नयेत. चलनातील १९७५ च्या फिलाडेल्फियाच्या सर्वच डाइमवर खूण नसते, आणि एसविना म्हणून त्या विकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

हिशेबनीस

पाच लाख डॉलर! मग आमच्यासारख्यांनी मुदतठेवी मोडून यात का पडू नये?

शिवराई

कारण किमती खालीही येतात. १९४३ चा डेन्व्हरचा तांब्याचा सेंट आजवर एकच ज्ञात आहे. तो २०१० मध्ये सतरा लाख डॉलरना घेतला गेला आणि २०२१ मध्ये लिलावात आठ लाख चाळीस हजारांना गेला. जगात एकच असलेल्या वस्तूची ही कथा आहे. घेणारे दोन श्रीमंत त्या दिवशी सभागृहात असले तर एक भाव, एकच असला तर दुसरा. मुदतठेव मोडू नये.

हिशेबनीस

आभार. सौभाग्यवतींना हा प्रतिसाद दाखवला, त्यांनी आपल्याला चहाला बोलावले आहे.

तळटीप

शिवराई, १९४३ च्या नाण्याबाबत आपले म्हणणे मान्य करतो. पण ते नाणे इतिहास सांगते ते धातूमुळे. अक्षर दुहेरी पडलेल्या किंवा पाय नसलेल्या रेड्याच्या नाण्याबाबत आपला युक्तिवाद टिकत नाही.

शिवराई

तो रेडा नव्हे, गवा म्हणावा, अमेरिकी बायसन आहे. पण पायाचा विषय आपणच काढलात तर तो पुरा करू.

१९१३ ते १९३८ या काळातील पाच सेंटच्या नाण्यावर मागील बाजूस बायसन उभा आहे. १९३७ मध्ये डेन्व्हरला एका प्रेसमध्ये चकती न येताच दोन डाय एकमेकांवर आदळल्या. तसे झाले की एका डायची नक्षी दुसरीवर उमटते. ते व्रण काढण्यासाठी कोणीतरी डाय घासली, गरजेपेक्षा जास्त घासली, आणि बायसनचा उजवा पुढचा पाय पुसला गेला, खूर मात्र राहिला. डायवर जे खोलगट असते ते नाण्यावर उंच येते, त्यामुळे डाय घासून सपाट केली की उथळ भाग आधी नाहीसा होतो. पाय तेथे उथळ होता.

खोटे बनवणारे साध्या नाण्याचा पाय कोरून काढतात. पण खऱ्या नाण्यावर त्या डायचे इतरही व्रण असतात. पोटाखालून जमिनीकडे उतरणारी बारीक उठावदार ठिपक्यांची रांग त्यांत मुख्य. ती कोरून काढता येत नाही, कारण ती उंचवट्याने आहे. अभ्यास म्हणतात तो हाच, तळटीप. नाण्यावरून डायचे आयुष्य वाचायचे.

तळटीप

गव्याबद्दलची दुरुस्ती मान्य. बाकीचे विचाराधीन.

आता माझ्याच बाजूला धोका असलेले एक उदाहरण देतो. अमेरिकेची टांकसाळ २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात स्थापन झाली. सुरुवातीच्या दशकांत डायवरील अक्षरे एकेक करून हाताने ठोकली जात. १७९६ च्या एका मोठ्या सेंटवर लिबर्टी शब्दातील बी उलटे ठोकले गेले, ते नंतर सुधारण्यात आले, पण ते एचसारखे दिसू लागले आणि शब्द 'लिहर्टी' असा वाचला जाऊ लागला. १८०१ च्या एका सेंटच्या मागील बाजूस तर तीन चुका एकत्र आहेत. एक शतांश दाखवणाऱ्या अपूर्णांकाचा छेद शंभराऐवजी तीन शून्ये असा आहे, हाराच्या दोन देठांपैकी एक नाही, आणि युनायटेडमधील यू उलटा पडून दोन उभ्या रेघांसारखा दिसतो. गणिताच्या दृष्टीने पाहता त्या सेंटची किंमत शून्याने भागल्यामुळे अनंत होते. ही नाणी मला आवडतात, कारण त्यांमागे यंत्र नसून माणूस आहे.

ढब्बू_पैसा

शून्याने भागून अनंत पैसे मिळवण्याचा प्रयत्न आमच्या पतपेढीच्या संचालकांनीही केला होता. त्यांना मात्र संग्राहकांनी नव्हे, पोलिसांनी विचारणा केली.

गलबत

लोहचुंबक मिळाला. १९४३ चा सेंट त्याला टक्कन चिकटला. म्हणजे पोलादाच्या नाण्यावर कोणीतरी तांब्याचा मुलामा दिला आहे, असेच ना?

शिवराई

होय. हा प्रकार इतका जुना आहे की तपासण्यापूर्वीच उत्तर ठाऊक असते. खरे तांब्याचे नाणे सापडल्यास हेन्री फोर्ड नवी मोटारगाडी देतात, अशी एक अफवा अमेरिकेत पसरली होती. ती निव्वळ अफवा होती, पण तिच्यामुळे देशभर लोक मोड चाळू लागले आणि मुलामा देणाऱ्यांची चैन झाली. खरे नाणे चुंबकाला चिकटत नाही आणि त्याचे वजन ३.११ ग्रॅम असते, पोलादाचे सुमारे २.७ ग्रॅम. चिकटले नाही तरी हुरळून जाऊ नये, कारण १९४८ मधील आठाचा भाग कापून तीन बनवलेली नाणीही फिरतात. १९४३ च्या खऱ्या नाण्यातील तीनाची शेपटी बरीच खाली उतरते. कापून केलेला तीन आखूड राहतो.

ओहायोची_सून

दोन्ही बाजूंना वॉशिंग्टन असलेल्या क्वार्टरबद्दल मी सांगते. आतल्या बाजूने, कडेला लागून, वर्तुळाकार बारीक रेघ दिसते का पाहावे. जादूगारांसाठी बनवलेल्या नाण्यात एक क्वार्टर वाटीसारखे कोरून पोकळ करतात आणि दुसरे कातून त्यात बसवतात. सांधा कडेवर नसतो, तर चेहऱ्याभोवती आतल्या कोपऱ्यात लपवलेला असतो, म्हणून तो चटकन दिसत नाही. इकडे अशी नाणी खेळण्यांच्या दुकानात थोडक्या डॉलरना मिळतात.

गलबत

रेघ आहे. एका बाजूला नख लावले तर जाणवतेही. मामांना नाणेफेकीत कोणी हरवू शकत नसे, असे आई सांगते, त्याचा उलगडा आज झाला.

हिशेबनीस

मामांविषयीचा आदर दुणावला.

प्रेसशॉप

राहिला तो चावल्यासारखा सेंट. तो मला महत्त्वाचा वाटतो. चकत्या धातूच्या लांब पट्टीतून पंचाने कापल्या जातात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर अंशतः पडतो आणि चकतीचा चंद्रकोरीसारखा भाग कमी येतो. अशा चकतीला पुढे कड उठवण्याच्या यंत्रातून जावे लागते. तेथे चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर नेमक्या समोरच्या बाजूवरही दाब पडत नाही आणि तेथील कड अशक्त राहते. याला अमेरिकी संग्राहक ब्लेकस्ली परिणाम म्हणतात.

म्हणून गलबत, कमी असलेल्या भागाच्या अगदी समोर पाहावे. कड फिकी आणि सपाट असेल तर चूक टांकसाळीतील असण्याची शक्यता बरीच आहे. समोरची कड ठसठशीत असेल तर कोणीतरी नंतर कानशीने किंवा पंचाने तो भाग काढलेला असावा. शिवाय कापलेल्या भागाजवळची अक्षरे पाहावीत. खऱ्या नाण्यात धातू मोकळ्या जागेकडे वाहतो, त्यामुळे अक्षरे तेथे ताणलेली किंवा निमुळती दिसतात. नंतर कापलेल्यात ती सुरीने कापल्यासारखी थांबतात.

मीठागर

उत्तम माहिती. थोडे विषयाला धरूनच, पण वेगळ्या दिशेने सांगतो. आपल्याकडे जुनी नाणी लाखो रुपयांना विकत घेतो असे सांगून आधी 'नोंदणी शुल्क' किंवा 'कर' उकळणाऱ्या टोळ्या आहेत. काही जण तर रिझर्व्ह बँकेचे नाव वापरतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्धिपत्रक काढून आपण अशा व्यवहारांत नाही आणि असे शुल्क मागत नाही, असे स्पष्ट केले होते. गलबत यांनी नाण्यांची छायाचित्रे कोठेही टाकली की फोन सुरू होतील. एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

गलबत

छायाचित्र एका समूहावर टाकल्याबरोबर दोन संदेश आले, त्यामुळे मीठागर यांचा इशारा वेळेवर पोहोचला.

चावलेल्या सेंटची माहिती: साल १९६४, वजन सोनाराकडच्या काट्यावर २.८३ ग्रॅम. कमी भागाच्या समोर कड जवळजवळ नाहीच, तेथील अक्षरे फिकट आहेत. कमी भागाशेजारचे एक अक्षर बाहेरच्या बाजूला ओघळल्यासारखे दिसते.

प्रेसशॉप

मग ते नाणे खरे आहे, असे माझे मत. शिवराई?

शिवराई

वर्णनावरून तरी खरेच. १९६४ चा सेंट पूर्ण चकतीवर ३.११ ग्रॅम असतो, त्यामुळे वजनातील घटही कापलेल्या भागाशी जुळते. किंमत मात्र चारपाच डॉलरच्या आसपास असेल, कारण अशा नाण्यांची वानवा नाही.

यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. नाणे प्रमाणित करून घ्यावे का? अमेरिकेत पीसीजीएस ही संस्था १९८६ पासून आणि एनजीसी ही १९८७ पासून हे काम करतात. ते नाणे तपासून, एक ते सत्तर या शेल्डन मापावर प्रत ठरवून, प्लास्टिकच्या मोहोरबंद पेटीत देतात. चार डॉलरच्या नाण्यासाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही. हजार डॉलरचे नाणे विकत घेताना मात्र ते आधीच प्रमाणित असल्याशिवाय घेऊ नये. भारतातून कच्चे, म्हणजे पेटीबाहेरचे, चूक असलेले महागडे नाणे आंतरजालावरून मागवणे हा जुगार आहे, आणि त्यात टपालखर्च व सीमाशुल्क वेगळे.

ओहायोची_सून

मी थोडी असहमत आहे. शिकायचे असेल तर कच्ची नाणीच हाताळावी लागतात. पेटीतील नाण्याची कड बोटाला लागत नाही, वजन करता येत नाही. स्वस्तातली चुकलेली नाणी आठदहा घ्यावीत: एक मध्यापासून सरकून पडलेले, एक कॉलरविना, म्हणजे चकतीला भोवतून आवळणाऱ्या कड्याविना, पसरलेले, एक कापलेल्या चकतीचे. मध्यापासून सरकलेल्यांत साल दिसत असेल असेच निवडावे, कारण निम्मे सरकलेले आणि तरीही साल असलेले नाणे नेहमी अधिक मागणीचे असते. त्यानंतर एक मुद्दाम बिघडवलेले नाणे ठेवावे. कपडे वाळवण्याच्या यंत्रात अडकून महिनोन्महिने आपटलेल्या सेंटची कड आत वळून जाड होते, आणि दर आठवड्याला कोणीतरी ते टांकसाळीची चूक म्हणून मंडळींना दाखवतो.

शिवराई

हे मान्य. मी विकत घेण्याबद्दल बोललो, आपण शिकण्याबद्दल बोललात.

तळटीप

एक शंका कोणी उपस्थित केली नाही. यांतील काही चुका मुद्दाम केलेल्या नसतील कशावरून? टांकसाळीतील कामगारालाही ठाऊक असते की चुकलेले नाणे बाहेर गेले तर पैसे मिळतात.

ओहायोची_सून

ही शंका नेहमीच राहते. २००४ च्या डेन्व्हरच्या विस्कॉन्सिन क्वार्टरवर मक्याच्या कणसाजवळ एक जास्तीचे पान दिसते, एका प्रकारात ते वर वळलेले आणि दुसऱ्यात खाली झुकलेले. डायवर कोणत्यातरी अवजाराचे घाव पडल्यामुळे ती पाने आली. ते घाव अपघाताने पडले की कोणी करमणूक म्हणून घातले, यावर संग्राहकांत अजून वाद चालतो. बाजाराने मात्र वादाची वाट न पाहता दोन्हींना भाव दिला.

उलट २००७ च्या वॉशिंग्टन डॉलरबाबत हेतूची शंका घ्यायला जागा नाही. त्या नाण्याच्या कडेवर साल आणि 'आमचा देवावर विश्वास आहे' हे ब्रीदवाक्य कोरायचे होते आणि ते काम छपाईनंतर वेगळ्या यंत्रात होत असे. फिलाडेल्फियात हजारो नाणी त्या यंत्राला चुकवून थेट पिशव्यांत गेली. वृत्तपत्रांनी त्यांना देवहीन डॉलर म्हटले आणि काही भाविकांनी त्यात सरकारचा कट पाहिला.

ढब्बू_पैसा

देवहीन डॉलर सत्पात्री दान म्हणून स्वीकारण्यास आमची तयारी आहे.

मीठागर

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीचा अखेरचा सेंट पाडला गेला, असे वाचले. म्हणजे सेंटमधील नव्या चुकांचा पुरवठा संपला. याचा जुन्या नाण्यांच्या भावावर परिणाम होईल का?

शिवराई

प्रसिद्ध नाण्यांच्या भावावर फारसा होईल, असे मला वाटत नाही, कारण १९५५ किंवा १९४३ ची नाणी पूर्वीही वाढणार नव्हतीच. ज्या गुंडाळ्या ओहायोची_सून तपासतात, त्या मात्र हळूहळू विरळ होतील. १९८३ पासूनचे सेंट जस्ताचे, वर तांब्याचा पातळ थर असलेले, २.५ ग्रॅमचे आहेत आणि ते लवकर खराब होतात. त्यांवरील फोड आणि बुडबुडे ही चूक समजून कोणी जमवू नयेत, मुलाम्याखाली हवा राहिल्याने ते येतात आणि सर्वत्र आढळतात.

ओहायोची_सून

आमच्या बँकेत सेंटच्या गुंडाळ्या मागितल्यास अजून मिळतात. तोपर्यंत त्या मुलीची दया सहन करणार.

गलबत

सर्वांचे आभार. चार संशयितांपैकी तीन निकालात निघाले. चौथा, म्हणजे १९६४ चा कापलेला सेंट, विकायचा नाही असे ठरवले आहे. शिकण्यासाठी ओहायोची_सून यांनी सांगितलेले स्वस्त नमुने पुढील नाणेप्रदर्शनात शोधीन. एक व्यावहारिक प्रश्न उरला: मी अलिबागला राहतो, येथे पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी येते. पोलादाचा तो सेंट आणि बाकीची तांब्याची नाणी ठेवावीत कशात?

मीठागर

मी वेंगुर्ल्यात राहतो, त्यामुळे या विषयात माझा अधिकार मान्य व्हावा. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांत मुळीच ठेवू नयेत. काही वर्षांत त्यातून चिकट हिरवा लेप नाण्यावर बसतो आणि तांबे कायमचे खराब होते. मायलरची कडक पाकिटे किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी घ्याव्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पुड्यांतील रंगीत खडे ओलाव्याने रंग बदलतात, तेव्हा पुड्या बदलाव्यात. नाणे कडेने धरावे, बोट सपाटीवर टेकवू नये. पोलादाचा सेंट स्वतंत्र पाकिटात ठेवावा, कारण मुलामा दिलेला असला तरी कडेने गंज सुरू झाला की थांबत नाही. बिस्किटांचा मूळ डबा आठवण म्हणून जरूर ठेवावा, पण नाणी त्यात ठेवू नयेत.

प्रेसशॉप

आणि कापलेला सेंट पाकिटात घालण्यापूर्वी दोन्ही बाजूंची व कडेची जवळून काढलेली छायाचित्रे येथे टाकावीत. ओघळलेले ते अक्षर मला पाहायचे आहे.